चिनी मातीतले इलेक्ट्रॉन

दिग्गीच्या डोंगरांतून येणारी काळी नदी गणेशगुडीजवळ सुपा धरणात अडते. तिच्या पाण्यावर तयार झालेली वीज रानातून तारांवरून जाते. त्या तारा दाखवून एक गृहस्थ मुलांना सांगत होते, "तारेतले इलेक्ट्रॉन मोकळे, तार जिला टांगलीय त्या चिनी मातीतले बांधलेले." शाळेत सगळे हेच शिकतात आणि तेच मला खटकतं.

इलेक्ट्रॉन चिनी मातीतही खच्चून असतात. प्रश्न असण्याचा नाही, हलायला रिकामी अवस्था मिळण्याचा आहे. १९२८ साली फेलिक्स ब्लॉखने दाखवलं, की शिस्तीत रचलेल्या स्फटिकात इलेक्ट्रॉनची लहर एका अणूपाशी अडकत नाही, स्फटिकभर पसरते. हिऱ्यातसुद्धा! मग हिऱ्यातून वीज का वाहत नाही? तिथे बांधलेपणाचं उत्तर पुरत नाही.

पुरेसं उत्तर १९३१ साली ॲलन विल्सनने दिलं. इलेक्ट्रॉनच्या ऊर्जांचे पट्टे पडतात, मध्ये फट राहते. पट्टा पूर्ण भरला, की उजवीकडे जाणाऱ्या प्रत्येकाला डावीकडे जाणारा जोडीदार असतोच. विद्युतक्षेत्र लावलं तरी हा हिशेब बदलत नाही. गती आहे, प्रवाह नाही. इतका सुंदर विचार भौतिकशास्त्रात मला क्वचितच भेटला. ॲल्युमिनियमच्या तारेत पट्टे अर्धवट भरलेले, म्हणून हिशेब सहज बिघडतो.

सिलिकॉनची फट १.१ इलेक्ट्रॉन व्होल्ट, हिऱ्याची ५.५, खोलीतली उष्णता देते जेमतेम ०.०२५. तेवढ्यावर सिलिकॉनमध्ये थोडे इलेक्ट्रॉन वर चढतात, हिऱ्यात जवळजवळ कुणीच नाही. सिलिकॉनमध्ये कोटीत एक अणू फॉस्फरसचा मिसळला, की वाहकता लाखो पटींनी वाढते. सोलर पॅनेलपासून मोबाइलपर्यंत सगळा पसारा या चिमूटभर भेसळीवर उभा आहे.

पण चिनी माती? भाजल्यावर तिचा बराच भाग काचेसारखा होतो. काचेत अणूंची शिस्त नाही, आणि ब्लॉखचं गणित शिस्तीवरच उभं. तरी फट टिकते, कारण ती सिलिकॉन-ऑक्सिजनच्या जवळच्या बंधांतूनच येते. शिवाय ग्रेगरी वान्निएच्या १९३७ सालच्या मांडणीनंतर हेही दिसतं, की भरलेला पट्टा आणि बंधाबंधांत बसलेल्या इलेक्ट्रॉनच्या जोड्या ही एकाच स्थितीची दोन वर्णनं असू शकतात. म्हणजे चिनी मातीपुरतं त्या गृहस्थांचं म्हणणं मला मान्य करावंच लागतं. भांडण उरतं ते तारेपुरतं: अर्धवट भरलेला पट्टा असा बंधाबंधांत वाटून टाकता येत नाही, आणि वीज वाहते ती त्यामुळेच, नुसत्या मोकळेपणामुळे नाही.