विश्रांती कोणाच्या नावे?

विश्रांती ही वस्तू घरी का मिळत नाही, या प्रश्नाकडे तत्त्वज्ञांनी द्यावे तितके लक्ष दिलेले नाही. आत्मा आहे की नाही, जग खरे की भास, यावर त्यांनी ग्रंथच्या ग्रंथ खर्ची घातले. पण चार दिवसांची हक्काची रजा घेऊन घरी पडलेल्या माणसाला दुसऱ्याच दिवशी स्टुलावर चढून पंखे का पुसावे लागतात, याविषयी कोणी चकार शब्द काढत नाही.

मी वाणिज्य शाखेचा पदवीधर आणि वीस वर्षे बँकेच्या काउंटरमागे बसलेला माणूस. तत्त्वज्ञानातले मला एकच सूत्र ठाऊक आहे : घेणाऱ्याच्या नावे, देणाऱ्याच्या जमा. एका बाजूला नोंद पडली की दुसऱ्या बाजूला पडायलाच हवी, नाहीतर संध्याकाळी ताळा जुळत नाही आणि कोणालाच घरी जाता येत नाही. गीतेत याहून पुष्कळ असेल, पण आमचे एवढ्यावर भागते. तेव्हा मी चार दिवस विश्रांती घेतली तर ती माझ्या नावे पडणार, हे उघड आहे. जमा कोणाच्या खाती पडते?

हा प्रश्न मला किहीमला पडला. तिथे जाण्याची कल्पना आमच्या सौ.ची. शरद ऋतू, समुद्रकाठचे खेडे, कौलारू कॉटेज आणि आपण दोघे, असे काहीसे तिने कुठेतरी वाचले होते. हे लिहिणारी माणसे बहुधा विलायतेत राहत असावीत. त्यांच्याकडे शरदात झाडांची पाने पिवळी पडतात. आपल्याकडे माणसे काळवंडतात. ऑक्टोबरच्या उन्हात कोकणात जाणे म्हणजे भाकरीने स्वतःहून तव्यावर जाऊन बसण्यासारखे आहे, असे मी म्हणून पाहिले. "मग भाकरीसारखी बाजू बदला अधूनमधून," ती म्हणाली. निघालो.

उलव्याहून अलिबागकडे जायला गाडीरस्ता आहे, पण आम्ही जलमार्ग धरला. खारकोपरहून लोकलने उरण, तिथून रिक्षाने करंजा आणि करंज्याहून लाँचने रेवस. लाँचमध्ये माझ्या एका बाजूला कोंबड्यांची टोपली आणि दुसऱ्या बाजूला एक मोटारसायकल होती. दोघींपैकी मोटारसायकल जास्त हलत होती.

शांततेसाठी अलिबागकडे जाणारे आम्ही काही पहिले नव्हेत. पृथ्वीच्या चुंबकत्वाची मोजणी पूर्वी मुंबईला कुलाब्याच्या वेधशाळेत होत असे. पुढे मुंबईत विजेच्या ट्राम येणार असे ठरले. विजेच्या प्रवाहाने चुंबकसुईचे चित्त विचलित होणार, म्हणून १९०४ साली सुईचा मुक्काम अलिबागला हलवला आणि तिच्यासाठी लोखंडाचा खिळाही न वापरता घर बांधले. ती अजून तिथेच आहे. मला या सुईचा आदर वाटतो. तिने शांतता मागितली, पण त्यासाठी कोणाला पहाटे पाचला उठवले नाही.

किहीमचे उदाहरण तर आणखी थोर आहे. १९३० साली सालिम अली जर्मनीहून पक्ष्यांचे शिक्षण घेऊन परत आले, तो मुंबईच्या वस्तुसंग्रहालयातली त्यांची जागाच पैशांअभावी रद्द झालेली. (बँकेत याला 'पुनर्रचना' म्हणतात.) मग ते किहीमला येऊन राहिले आणि सुगरण पक्ष्याचे खोपे बघत बसले. नोकरी गेलेल्या माणसाने दुसऱ्याचे घर कसे बांधले जाते हे तासन्‌तास बघावे, याला फार मोठे मन लागते. त्यांना दिसले ते असे, की आपण ज्याला 'सुगरण' म्हणून बाईचे नाव दिले आहे, तो खोपा विणतो नर. तो अर्धवट विणला की मादी येऊन पाहणी करते. पसंत पडला तर राहते, मग तो उरलेला विणून पुरा करतो. ती अंडी घालून बसली, की हा पुढच्या खोप्याच्या पायाभरणीला मोकळा. म्हणजे घर त्याचे, नाव तिचे आणि विश्रांती कोणालाच नाही. आम्ही गेलो तेव्हा शिंदीला लटकलेले खोपे रिकामे होते. सौ.ने त्यांच्याकडे पाहिले आणि मग माझ्याकडे. मी समुद्राकडे पाहिले.

कॉटेज म्हणजे एका वाडीतले तीन खोल्यांचे घर होते. भाऊ आणि वहिनी मालक. भाऊ गोड बोलणारे आणि वहिनी कामात. सकाळी घावन आणि नारळाचे दूध, दुपारी मासळीचे कालवण, चारला चहा. मी झोपाळ्यावर पडून होतो आणि विश्रांती माझ्या खाती बिनबोभाट जमत होती. दुसऱ्या रात्री उकाड्याने झोप येईना म्हणून बाहेर आलो, तर पडवीत चटईवर भाऊ, वहिनी आणि त्यांची म्हातारी आई ओळीने झोपलेली. आम्ही ज्या पलंगावर बाजू बदलत होतो तो त्यांचा होता. घरातला एकमेव पंखाही आमच्या डोक्यावर फिरत होता.

परत आल्यावर हे मी बँकेत सांगितले. शेजारच्या काउंटरवरच्या सहकाऱ्याने नोटा मोजता मोजता निकाल दिला, "पैसे मोजलेस ना? मग झालं." हा निकाल वजनदार आहे. पैसे मी मोजलेच होते. त्या पैशांवर मुलीचे नर्सिंगचे शिक्षण झाले, हे भाऊंनीच अभिमानाने सांगितले होते. पाहुणे आले नाहीत तर त्यांना झोप जास्त मिळेल, पण लागणार नाही. तरी पैसे कामाचे झाले. घावनाचा भाव ठरवता येतो, पलंगाचाही येतो. पण वहिनींची पहाटेची झोप कोणत्या दराने घ्यायची? आमच्याकडे नऊ तऱ्हेच्या ठेवी आहेत, त्यांत ही कुठे बसत नाही.

आणि हा प्रश्न खाडी ओलांडून माझ्याबरोबर घरी आला, हे मला मुळीच आवडले नाही. कारण मी ज्या उलव्यात राहतो तिथेही कधीकाळी भातच पिकत होते. १९७० साली सिडको आली, नव्या शहरासाठी जमिनी गेल्या. भावासाठी शेतकरी दि. बा. पाटलांच्या मागे उभे राहिले, आणि जानेवारी १९८४ मध्ये उरण तालुक्यात गोळीबार होऊन त्यांतले पाच जण गेले. त्यानंतर विकसित जमिनीतला साडेबारा टक्के वाटा परत देण्याची योजना आली. बँकेतल्या माणसाला साडेबारा टक्के म्हटले की व्याज आठवते. हे व्याज नव्हे, मुद्दलाचाच परत मिळालेला तुकडा आहे. अशाच एका तुकड्यावर आमची इमारत आहे. मी सुखाने झोपतो ती जागा कोणाच्या तरी बांधावरची. इथली नव्वद मीटरच्या आसपासची टेकडी विमानतळासाठी कापली, नदीला दुसरी वाट दाखवली, ८ ऑक्टोबर २०२५ रोजी विमानतळाचे उद्घाटन झाले आणि २५ डिसेंबरपासून विमाने उडू लागली. आता कोणीतरी सुट्टीला जाते, त्याचा आवाज माझ्या खिडकीत जमा होतो. तेवढ्याने माझी बाकी फिटली असे मी धरून चालतो. पण लेखापरीक्षक हे मान्य करील असे वाटत नाही.

सौ.ने मात्र एवढा विचार केला नाही. निघण्याच्या दिवशी वहिनींजवळ बसून तिने विचारले, "तुम्ही शेवटच्या कुठे गेला होतात हो, चार दिवस?" वहिनी बराच वेळ आठवत राहिल्या आणि म्हणाल्या, "बाळंतपणाला. माहेरी."

जानेवारीत भाऊ आणि वहिनी आमच्याकडे आले. "विमानं बघायला," असे भाऊ म्हणाले. पलंग त्यांना दिला, आम्ही हॉलमध्ये सतरंजीवर. सकाळी सौ.ने वहिनींना बाल्कनीत खुर्चीवर बसवले, हातात चहा दिला आणि उठायचे नाही असा दम भरला. वहिनींनी तो चहा अर्धा तास पुरवला. समोर रस्त्याचे काम चालू होते, खाली भाजीवाला ओरडत होता आणि धावपट्टीवरून एक विमान उठले.

"काय शांत वाटतं हो ताई तुमच्याकडे!" असे वहिनी म्हणाल्या म्हणतात. मी आत नारळ खवत होतो, मला नीटसे ऐकू आले नाही.