निर्वेतन कारभारी आणि त्यांची जबाबदारी

घरचें खाऊन लष्कराच्या भाकऱ्या भाजणाऱ्या मनुष्याविषयीं आपल्या समाजांत एक मिश्र भावना आढळते. त्याच्या पाठीमागें लोक त्यास हंसतात आणि समोर आला म्हणजे त्याचे आभार मानतात. परंतु त्यानें भाजलेली भाकरी कच्ची राहिली किंवा करपली, तर तसें त्याच्या तोंडावर सांगण्यास मात्र कोणी धजत नाहीं. पगारी नोकराच्या हातून चूक झाली तर त्यास जाब विचारतांना आपली जीभ अडखळत नाहीं, कारण त्याच्या श्रमाचा मोबदला आपण दिलेला असतो. ज्यास आपण कांहीं दिलें नाहीं त्यास विचारावयाचें कोणत्या तोंडानें, असें आपणांस वाटतें. आणि त्यासहि हळूहळू तसेंच वाटूं लागतें. ही समजूत सौजन्याची आहे यांत शंका नाहीं. परंतु ती न्यायाची आहे काय, हा प्रश्न आम्ही आज वाचकांपुढें मांडूं इच्छितों. त्या भाकरीवर ज्याची भूक भागावयाची तो शिपाई या आभारप्रदर्शनांत कोठेंच दिसत नाहीं, एवढें आरंभींच लक्षांत ठेवावें.

अधांतरीं चर्चा करण्यापेक्षां हा प्रश्न एखाद्या चालत्या संस्थेस लावून पाहणें बरें. यासाठीं इंग्लंडांतील प्राथमिक शाळांच्या कारभाराइतकें सोयीचें उदाहरण क्वचितच मिळेल. तेथें सार्वजनिक खर्चानें चालणाऱ्या शाळेवर सामान्य नागरिकांच्या मंडळाची देखरेख असते, आणि हे नागरिक एक पैहि न घेतां तें काम करितात. या प्रथेचें मूळ जुनें आहे. १८७० च्या शिक्षणविषयक कायद्यानें करदात्यांनीं निवडलेलीं स्कूल बोर्डें तेथें अस्तित्वांत आलीं. पार्लमेंटच्या निवडणुकींत स्त्रियांस मत देण्याचाहि अधिकार नव्हता अशा त्या काळांत या बोर्डांवर मात्र त्यांस निवडून येतां येत असे, आणि एलिझाबेथ गॅरेट व एमिली डेव्हिस या दोन विदुषी त्याच वर्षीं लंडनच्या बोर्डावर निवडून आल्या. १९०२ च्या कायद्यानें हीं बोर्डें मोडलीं व त्यांच्या शाळा स्थानिक स्वराज्य संस्थांकडे गेल्या. १९४४ च्या कायद्यांत प्राथमिक शाळेच्या पंचांस ‘मॅनेजर’ व माध्यमिक शाळेच्या पंचांस ‘गव्हर्नर’ अशीं निरनिराळीं नांवें होतीं; १९८० च्या कायद्यानें दोघांसहि ‘गव्हर्नर’ हें एकच नांव मिळालें आणि पालकांच्या प्रतिनिधींस मंडळांत हक्कानें जागा मिळाली. १९८८ च्या कायद्यानें तर शाळेच्या अंदाजपत्रकाचा बराच मोठा भाग या मंडळांच्या हातीं सोंपविला.

आपल्याकडे गव्हर्नर म्हटला कीं राजभवन आणि चोपदार डोळ्यांपुढें उभे राहतात. हा गव्हर्नर तसा नव्हे. तो दिवसभर आपला उद्योग करून संध्याकाळीं शाळेंत येतो आणि जमाखर्चाचे कागद चाळीत बसतो. स्थानिक सरकारच्या शाळेंत अशा मंडळाचे निदान सात सभासद असावे लागतात: किमान दोन पालक, स्वतः मुख्याध्यापक, नोकरवर्गाचा एक प्रतिनिधि, स्थानिक सरकारनें सुचविलेला एक, आणि उरलेले साधारणपणें मंडळानेंच निवडून घेतलेले. मुदत बहुधा चार वर्षांची. वेतन नाहीं, फार तर पदरचा झालेला खर्च परत मिळतो. गव्हर्नर कोठें नोकरीस असल्यास त्याच्या धन्यानें या कामासाठीं वाजवी रजा द्यावी असें १९९६ चा कायदा सांगतो, पण त्या रजेचा पगार द्यावाच असें सांगत नाहीं. अलीकडे अनेक शाळा ‘अकॅडमी’ होऊन न्यासांच्या हातीं गेल्या आहेत. तेथील रचना निराळी असली तरी निर्वेतन विश्वस्ताचें तत्त्व बहुतांशीं कायम आहे. आणि या बिनपगारी मनुष्याचे अधिकार कांहीं लहान नाहींत. शाळेनें कोणत्या दिशेनें जावें हें ठरविणें, मुलांच्या प्रगतीबद्दल मुख्याध्यापकास जाब विचारणें, आणि पैसा योग्य रीतीनें खर्च होतो कीं नाहीं हें पाहणें, हीं मंडळाचीं तीन मुख्य कामें होत. नवा मुख्याध्यापक निवडण्याचें कामहि त्याचेंच.

येथें पहिला आक्षेप असा येतो कीं, ज्यानें शिक्षणशास्त्राचें पुस्तकहि कधीं उघडलें नाहीं त्यानें वीस वर्षें वर्गांत घालविलेल्या शिक्षकास जाब विचारावा, हा अधिकार त्यास कोणी दिला? वैद्याच्या औषधयोजनेंत शेजाऱ्यानें हात घालूं नये, तर शिक्षकाच्या अध्यापनांत कां घालावा? हा आक्षेप हंसण्यावारी नेण्यासारखा नाहीं. लंडनच्या इस्लिंग्टन भागांतील विल्यम टिंडेल या प्राथमिक शाळेंत त्याची मोठी कडवट परीक्षा झाली. १९७४ पासून त्या शाळेंतील कांहीं शिक्षकांनीं मुलांस अतिशय मोकळीक देणारी नवी पद्धति सुरू केली. काय करावें व केव्हां करावें हें बव्हंशीं मुलांनींच ठरवावें, असा तिचा रोख होता. पुष्कळ पालकांस ती रुचली नाहीं व ते आपलीं मुलें काढून दुसऱ्या शाळांत घालूं लागले. मॅनेजर अस्वस्थ झाले. शिक्षकांचें म्हणणें पडलें कीं, शिकविणें हें आमचें क्षेत्र, त्यांत बाहेरच्यांनीं पडूं नये. लंडनचें शिक्षणखातें बराच काळ कांहींच ठाम ठरवीना. मग कांहीं मॅनेजरांनीं सह्यांचा अर्ज फिरविला, भांडण वर्तमानपत्रांत गेलें, आणि शिक्षकांनीं संपहि केला. शेवटीं रॉबिन ऑल्ड या बॅरिस्टरांकडे चौकशी सोंपविण्यांत आली. १९७६ सालीं प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अहवालांत शिक्षकांस दोष होता, शिक्षणखात्यास होता, आणि मॅनेजरांचें वर्तनहि टीकेवांचून सुटलें नाहीं. पुढच्या वर्षीं टेलर समितीनें शिफारस केली कीं शाळेच्या मंडळांत स्थानिक सरकार, नोकरवर्ग, पालक आणि परिसरांतील नागरिक या चौघांस समान वांटा असावा. पुढील दशकांतील कायद्यांनीं ही शिफारस जशीच्या तशी उचलली नाहीं, पण वारें त्याच दिशेचें होतें.

या प्रकरणावरून आम्हांस जें दिसतें तें असें. शिक्षकाचें ज्ञान हें मुख्यतः साधनांचें ज्ञान आहे. मूल कशासाठीं शिकवावयाचें हा प्रश्न कोणत्याहि एका धंद्याच्या मालकीचा नाहीं. वैद्याचा दृष्टांतहि नीट पाहिला तर उलट बाजूस जातो. प्रौढ रोगी गुण येत नसल्यास स्वतः विचारतो, आणि उत्तरानें समाधान न झाल्यास वैद्य बदलतो. सहा वर्षांच्या मुलास यांपैकीं कांहींच करतां येत नाहीं. त्याच्या वतीनें कोणी तरी विचारणें भाग आहे. तेव्हां गव्हर्नराचा अधिकार त्याच्या विद्वत्तेंतून निघत नसून मुलाच्या असहायतेंतून निघतो, आणि म्हणूनच त्यास मर्यादाहि आहेत. वाचन कोणत्या पद्धतीनें शिकवावें हें गव्हर्नरानें सांगूं नये. पण किती मुलांस अद्याप वाचतां येत नाहीं व त्यांच्यासाठीं काय चाललें आहे, हें विचारल्यावांचून राहूं नये. तसेंच, जो पालक म्हणून निवडून आला त्यानें स्वतःच्या मुलाची तक्रार मंडळाच्या टेबलावर आणूं नये. तो सर्व मुलांसाठीं तेथें बसलेला असतो. जीं मुलें कोणाच्याच ओळखीचीं नाहींत तीं तर त्याचीं अगोदर.

अधिकाराचें मूळ असें मुलांत आहे हें मान्य केलें म्हणजे आमच्या पहिल्या प्रश्नाचें उत्तरहि तेथेंच सांपडतें. बिनपगारी कारभारी आपल्या कामाकडे दान म्हणून पाहूं लागला कीं त्याची वाट चुकली. दान देणारा आपल्या मालकीचें द्रव्य देतो. किती द्यावें आणि हात केव्हां आंखडावा हें त्याच्या मर्जीवर असतें. गव्हर्नर जो वेळ देतो तो त्याच्या मालकीचा खरा. परंतु मंडळांत बसतांच त्याच्या हातीं जें येतें तें त्याचें नसतें. शाळेचा पैसा करदात्यांचा, आणि मुलांचीं वर्षें मुलांचीं. ही ठेव आहे. ठेव सांभाळणाऱ्यानें मेहनताना घेतला नाहीं म्हणून ती गहाळ करण्याची त्यास मोकळीक आहे, असें कोणीहि शहाणा मनुष्य म्हणणार नाहीं. शिवाय त्यानें अडविलेली खुर्ची ही दुसऱ्या कोणास तरी मिळाली असती, आणि तो दुसरा कदाचित् कागद वाचून आला असता.

कारण या क्षेत्रांतील दोष दरोडेखोरीचे क्वचितच असतात. ते सभ्य माणसांचे दोष असतात. कागद न वाचतां सभेस येणें, मुख्याध्यापक सज्जन आहेत म्हणून हिशेबास मान डोलावणें, अप्रिय प्रश्न ओठांवर आला असतां चहा थंड होतो आहे याची आठवण होणें, इतकेंच. इंग्लंडच्या कायद्यानें शाळेच्या पैशासंबंधीं सद्भावनेनें केलेल्या कृत्याबद्दल गव्हर्नरास वैयक्तिक भुर्दंडापासून संरक्षण दिलें आहे, आणि तें योग्यच आहे. नाहीं तर कोणी तिकडे फिरकणार नाहीं. पण कायद्याची माफी आणि नीतीची माफी एक नव्हेत. सद्भावना म्हणजे केवळ मनांत वाईट नसणें, असा आपण तिचा सोपा अर्थ करून घेतला आहे. वाचतां न येतांच ज्या मुलाचें दुसरें इयत्तेचें वर्ष निघून गेलें, त्यास तें वर्ष कोणाच्याहि सद्भावनेनें परत मिळत नाहीं.

आतां हाच विचार आपल्याकडील व्यवस्थेस लावूं. २००९ सालीं झालेल्या बालकांच्या शिक्षणहक्काच्या कायद्यानें सरकारी व अनुदानित शाळांस शाळा व्यवस्थापन समिती असावी असें ठरविलें. तिचे किमान तीन चतुर्थांश सभासद पालक असावेत, निम्म्या जागीं स्त्रिया असाव्यात, आणि वंचित व दुर्बल वर्गांतील पालकांस त्यांच्या प्रमाणांत स्थान मिळावें, असा दंडक आहे. शाळेच्या कामावर देखरेख, विकास आराखडा तयार करणें, आणि अनुदानाच्या विनियोगावर लक्ष ठेवणें, हीं तिचीं कामें. मुख्याध्यापक निवडण्याची इंग्लंडच्या मंडळासारखी सत्ता जिल्हा परिषदेच्या शाळेंतील समितीस नाहीं. अधिकारांत तो कायदा पुढें, तर पंचांच्या निवडींत हा अधिक धीट, असें म्हणण्यास हरकत नाहीं.

परंतु येथें ‘बिनपगारी’ या शब्दाचा एक नवाच अर्थ उघड होतो. निवृत्तिवेतन घेणारा गृहस्थ सकाळीं अकरा वाजतां सभेस येतो तेव्हां त्याचा फावला वेळ खर्च होतो. शेतमजुरी करणारी आई त्याच सभेस येते तेव्हां तिची त्या दिवसाची मजुरी बुडते. वेतनाच्या रकान्यांत दोघांच्याहि नांवापुढें शून्यच आहे. पण तीं दोन शून्यें सारखीं नव्हेत. सभेची वेळ तिच्या सोयीची नसेल तर ती येणार नाहीं, मग वहींत तिची सही किंवा अंगठा मागाहून घेतला जाईल, आणि कायद्यानें दिलेलें तिचें स्थान कागदावर भरलेलें व खोलींत रिकामें राहील. ज्यांच्या हातीं लेखणी आहे त्यांची जबाबदारी म्हणून दुप्पट आहे: सभा तिला येतां येईल त्या वेळीं ठेवणें, आणि ज्यावर सही मागावयाची तें अगोदर वाचून दाखविणें. जबाबदारी वेतनाच्या मापानें मोजावयाची नसेल, तर ती सामर्थ्याच्या मापानें मोजली पाहिजे.

एवढी कडक अपेक्षा ठेविली तर फुकट काम करावयास येणार कोण, असा शेवटचा आक्षेप राहतो. इंग्लंडांतहि गव्हर्नरांच्या जागा भरणें ही नेहमींचीच विवंचना आहे. आमचें उत्तर असें कीं, अपेक्षा थोड्याच ठेवाव्या, पण त्या खऱ्या असाव्या. कागद वाचून यावें; न समजलेलें विचारावें; मंडळांत गुप्त म्हणून ऐकलेलें बाहेर बोलूं नये; आणि वेळ देणें अशक्य झाल्यास कुरकुर न करतां जागा मोकळी करावी. यांत पांडित्याची गरज कोठेंच नाहीं. अशा अपेक्षांनीं जो दुखावला जाईल तो न आलेलाच बरा. ज्यास त्या रास्त वाटतील त्याचा उलट सन्मानच होईल. कारण ज्याच्या कामावांचून कोणाचें अडत नाहीं त्यासच कोणी कांहीं विचारीत नाहीं.

आमच्या वाचकांपैकीं पुष्कळांचीं मुलें आज विनाअनुदानित खासगी शाळांत जातात, व वरील समित्या त्यांस परक्या वाटतील. परंतु शिक्षणसंस्थांच्या नियामक मंडळांवर, ग्रंथालयांच्या समित्यांवर, वसतिगृहांच्या विश्वस्तांत याच वर्गांतील माणसें बसलेलीं असतात, आणि तींहि कांहीं घेत नाहींत. पंचांमुखीं परमेश्वर असें आपण म्हणत आलों आहों. तें खरें ठरावयाचें असेल तर पुढच्या सभेस जातांना निदान गेल्या सभेचें इतिवृत्त आणि या वर्षाचा जमाखर्च घरीं वाचून जावें, आणि त्यांतून निघालेला एक तरी प्रश्न सभेंत विचारावा.