धर्माचा रकाना

बारावीचे निकाल लागले म्हणजे आमच्या खेड्यापाड्यांतील मंडळ्यांत आनंद होतो. ज्या घरात दोन पिढ्यांपूर्वी अक्षरओळख नव्हती, त्या घरातील मुलगा किंवा मुलगी नगरच्या, नागपूरच्या अथवा मुंबईच्या महाविद्यालयात जावयास निघते. उपासनेत त्यांच्याकरिता प्रार्थना होते. पाळक व उपदेशक बंधू त्यांस शहरातील मोहांपासून सावध राहण्याचा बोध करितात. वाईट संगत, व्यसन, उधळेपणा ही त्या बोधातील नेहमीची नावे होत. तथापि पहिला मोह त्यांस ह्यांपैकी कोठेच भेटत नाही. तो प्रवेशाचा अर्ज भरताना एका लहानशा रकान्यात भेटतो. त्या रकान्यावर ‘धर्म’ एवढाच शब्द असतो.

त्या रकान्याचे एवढे महत्त्व का, हे पुष्कळ वाचकांस अनुभवाने ठाऊक आहे. ज्यांस ठाऊक नाही त्यांच्याकरिता थोडक्यात सांगतो. १९५० च्या ऑगस्ट महिन्यात राष्ट्रपतींनी अनुसूचित जातींविषयी आदेश काढिला. हिंदू धर्मावाचून अन्य धर्म पाळणाऱ्यास अनुसूचित जातीचा समजू नये, असे त्यात ठरले. पुढे १९५६ साली शिखांस व १९९० साली बौद्धांस त्यात जागा मिळाली. ख्रिस्ती व मुसलमान बाहेरच राहिले. ह्यामुळे ज्याचे पूर्वज महार किंवा मांग होते, अशा ख्रिस्ती मुलाने आपला खरा धर्म लिहिला, तर अनुसूचित जातींच्या राखीव जागेस व शिष्यवृत्तीस तो मुकतो. त्याचाच चुलतभाऊ, जो त्याच वस्तीत व त्याच मजुरीवर वाढला, तो मुकत नाही. बाप्तिस्म्याने गावकऱ्यांच्या डोळ्यांतील जात धुतली गेली नाही. सरकारी वहीतील मात्र धुतली गेली.

अशा स्थितीत तरुणाने काय लिहावे? “आजोबांचा धर्म लिहिला तर काय बिघडले? देव अंतःकरण पाहतो, कागद पाहत नाही,” असे त्यास सांगणारे घरीच असतात. हा प्रश्न हलका नाही, आणि ज्याच्या घरी फीचे पैसे तयार आहेत त्याने तर तो हलका मानूच नये.

प्रथम एक गोष्ट स्पष्ट करू. कित्येक मुलांचा धर्म त्यांच्या शाळेच्या दाखल्यावर दुसऱ्यानेच लिहिलेला असतो. वडिलांचा बाप्तिस्मा मागाहून झाला, किंवा गुरुजींनी न विचारताच नोंद केली, आणि सहा वर्षांच्या बालकाच्या नावापुढे जे लिहिले गेले तेच पुढे चालत आले. अशा मुलास लबाड म्हणणे अन्यायाचे होईल. परंतु ज्यास समज आली आहे, जो मंडळीत प्रभूभोजन घेतो, तो स्वतःच्या हाताने ‘मी त्यांतला नव्हे’ असे लिहितो, तेव्हा ती गोष्ट निराळी होते. अंगणात शेकत बसलेल्या पेत्रानेही एवढेच म्हटले होते, आणि तेही भयामुळे.

ह्यावर कोणी नामानाचे उदाहरण देतात. तो सेनापती रिम्मोनाच्या देवळात आपल्या राजाबरोबर वाकणार होता, तरी अलीशाने त्यास शांतीने जाऊ दिले, असे ते म्हणतात. हे खरे आहे. पण नामानाने आपला नवा विश्वास आधी सर्व सेवकांसमक्ष उघड सांगितला होता, आणि वाकण्याविषयी त्याने क्षमा मागितली होती. जे तो करणार होता त्यास त्याने योग्य असे नाव दिले नाही. शिवाय त्याने स्वतःस दुसरा कोणी म्हणवून काही मिळविले नाही.

आमच्या मते विद्यार्थ्यास दानीएलाचे उदाहरण अधिक जवळचे आहे. तोही परक्या राजाच्या नगरात तीन वर्षांच्या शिक्षणास ठेविलेला तरुण होता. त्याने खास्द्यांची भाषा व विद्या शिकण्यास नकार दिला नाही. त्याचे नाव बदलून बेल्टशस्सर ठेविले, तेही त्याने सोसले. म्हणून आमचा तरुण कोणतेही पुस्तक वाचो, कोणत्याही मताच्या मित्राशी वाद करो, त्याचे नाव योहान असो की राजेंद्र असो, ह्यांपैकी कशानेही त्याच्या विश्वासास बाध येत नाही. दानीएलाने रेषा ओढली ती राजाच्या मेजापाशी. जे अन्न खाल्ल्याने आपण कोणाचे आहो हे पुसले गेले असते, ते त्याने घेतले नाही.

रकान्यातील असत्य त्या रकान्यातच राहिले असते, तर कदाचित त्याची चिंता कमी वाटली असती. पण तसे होत नाही. वसतिगृहात राहणारा असा मुलगा रविवारी उपासनेस जाण्यास बिचकतो, कारण कोणी पाहील. ट्रंकेतील पवित्र शास्त्र तो कपड्यांखाली ठेवितो. वर्गात ख्रिस्ती लोकांविषयी खोटे बोलले गेले तर तो गप्प बसतो. त्याच महाविद्यालयात दुसरा ख्रिस्ती मुलगा असला तर त्यास तो टाळतो, कारण तो ओळख देईल. घरापासून दूर, ज्या काळात त्यास सोबत्यांची सर्वांत अधिक गरज असते, त्याच काळात तो सोबत्यांस मुकतो. शिक्षण संपले तरी भय संपत नाही. महाराष्ट्रात जातीचा दाखला पडताळणी समितीपुढे जातो, आणि खोट्या दाखल्यावर मिळविलेली पदवी व नोकरी रद्द करण्याची तरतूद कायद्यात आहे. मनाने ख्रिस्ती राहून केवळ लाभासाठी हिंदू म्हणविणे ही राज्यघटनेशी प्रतारणा होय, असे सर्वोच्च न्यायालयानेही २०२४ साली एका निकालात म्हटले. पकडले जाण्याचे भय हे काही सदाचाराचे मूळ नव्हे. तथापि चोराप्रमाणे जगावे लागणे ही शिक्षा पकडल्यावाचूनच भोगावी लागते.

आणखी असे की, हे नुकसान त्याच्या एकट्याचे नाही. आदेशातील धर्माची अट अन्यायाची आहे असे आम्हांस वाटते. न्यायमूर्ती रंगनाथ मिश्र ह्यांच्या आयोगाने २००७ साली ती अट काढून टाकण्याची शिफारस केली; २०२२ साली ह्याच प्रश्नाकरिता केंद्र सरकारने दुसरा आयोग नेमिला. अन्यायाविरुद्ध दाद मागणे हे योग्य आहे. परंतु ज्यांची नावे कोठल्याच वहीत ख्रिस्ती म्हणून नाहीत, त्यांच्या वतीने दाद कोणी मागावी? लपलेल्या मनुष्याचे दुःख मोजले जात नाही.

येथवर वाचून कोणी उपदेशक बंधू म्हणतील, “ठीक आहे, पुढील रविवारी तरुणांस हाच बोध करितो.” त्यांस आमची विनंती आहे की, जरा थांबावे. सत्याची आज्ञा करणारा एक आणि त्याची किंमत भरणारा दुसरा, असे झाले तर तो बोध तरुणास खरा वाटणार नाही. दानीएलाने राजाचे अन्न नाकारिले तेव्हा त्यास डाळ व पाणी आणून देणारा कोणी होता, आणि त्याच्याबरोबर तीन सोबतीही होते. आमच्या तरुणास डाळ कोण देतो?

मंडळीने करण्याजोगी कामे मोठी नाहीत. पहिले काम माहितीचे. महाराष्ट्रात अनुसूचित जातींतून ख्रिस्ती झालेल्यांस इतर मागासवर्गात जागा आहे. भिल्ल, कोकणा इत्यादी अनुसूचित जमातींच्या लोकांस तर धर्मांतराने काहीच गमवावे लागत नाही, कारण जमातींच्या आदेशात धर्माची अट नाही. हे ठाऊक नसल्यामुळे खरे लिहूनही जे मिळाले असते ते कित्येक घरे सोडून देतात. उपदेशकाने अर्ज भरण्याच्या वेळी त्या घरी जाऊन बसावे. ती भेट शंभर बोधांच्या तोडीची होईल. दुसरे काम मुठीचे. रोज चुलीपुढे काढलेली मूठभर ज्वारी पूर्वी उपदेशकाच्या पगाराकरिता जमत असे. तशीच ती खरे लिहिणाऱ्या एका मुलीच्या फीकरिता जमू शकेल. तिसरे काम सोबतीचे. ज्या शहरात मूल जाते तेथील मंडळीस आधी पत्र लिहावे, म्हणजे पहिल्याच रविवारी त्यास कोणी तरी नावाने हाक मारील.

आणि ज्याने फीच्या काळजीने आधीच खोटे लिहिले आहे, त्याचे काय? त्यास मंडळीत बोट दाखवून उभे करू नये. पेत्रास प्रभूने किनाऱ्यावर भेटून प्रथम जेवू घातले, आणि मग विचारले. आपणही आधी जेवू घालावे.

प्रिय वाचकहो, पुढल्या जून महिन्यात आपल्या गावातील कोणी तरी तो रकाना भरील. त्यात तो काय लिहितो हे पुष्कळ अंशी त्याच्यामागे कोण उभे आहे ह्यावर ठरेल. तेव्हा त्याच्याकरिता प्रार्थना करण्यापूर्वी त्याची फी किती आहे हे विचारून घ्यावे.