अवेळी मस्जिदीत बसलेला माणूस



प्रेषित मुहम्मद (सल्ल.) एके दिवशी मस्जिदीत आले. नमाजची वेळ नव्हती, तरी अबू उमामा (रजि.) नावाचे एक अन्सारी सहाबी तेथे एकटेच बसले होते. नमाज नसताना येथे कसे, असे प्रेषितांनी (सल्ल.) त्यांना विचारले. चिंतांनी आणि कर्जांनी घेरले आहे, असे उत्तर आले. तेव्हा प्रेषितांनी (सल्ल.) त्यांना सकाळ-संध्याकाळ म्हणण्यासाठी एक दुआ शिकविली. हा प्रसंग सुनन अबू दाऊदमध्ये आहे. त्याची सनद काही हदीस-विद्वानांनी कमकुवत मानली आहे, हे सांगितले पाहिजे; पण दुआचे शब्द हजरत अनस (रजि.) यांच्याकडून सहीह बुखारीत आलेले आहेत. त्या दुआत आठ गोष्टींपासून अल्लाहचा आश्रय मागितला आहे. पहिल्या दोन चिंता आणि दुःख. शेवटच्या दोन कर्जाचा भार आणि माणसांची जबरदस्ती. मनाचा आजार आणि पोटाची अडचण एकाच दुआच्या दोन टोकांना बांधलेल्या आहेत.

ही हदीस मी मदरशात पाठ केली होती. तिचा अर्थ मात्र मला मेडशीत कळला, आणि तोही उशिरा.

गेल्या पावसाळ्यात पेरणीनंतर पावसाने ताण दिला आणि अनेकांवर दुबार पेरणी आली. त्या दिवसांत एक गृहस्थ जोहरनंतर मस्जिदीतल्या मागच्या खांबाला टेकून बसलेले असत. हातात तस्बीह नाही, समोर कुरआन नाही. मी सलाम करीत असे, ते उत्तर देत, आणि मी पुढे जात असे. मला वाटे, अल्लाहच्या घरात बसले आहेत, बरेच आहे. महिनाभराने त्यांची पत्नी माझ्या घरी आली आणि माझ्या पत्नीजवळ रडली. नवरा रात्र-रात्र झोपत नव्हता. मुलांशी बोलणे त्याने सोडले होते, बी-खतांची उधारी डोक्यावर होती, आणि आपण नसलेलेच बरे, असे तो दोनदा बोलून गेला होता. घरच्यांनी नजर लागली समजून तावीज आणला होता. त्या माणसाला रोज पाच वेळा पाहणारा मी, पण एक प्रश्न मी विचारला नव्हता.

मराठीत ‘काळजी’ हा शब्द मोठा विलक्षण आहे. काळजी करणे म्हणजे चिंता, काळजी घेणे म्हणजे जपणे. शब्द एकच. पहिली ज्याच्या वाट्याला येते, दुसरी त्याच्या दाराशी गेली पाहिजे. ती गेली तर काय होते, याचा पुरावा आपल्या शेजारीच आहे. अमरावती जिल्ह्यातील तीस गावांत ‘विश्राम’ नावाच्या उपक्रमात गावातल्याच साध्या माणसांना शिकवून घरोघरी पाठविले गेले. त्यांनी उदास माणसांशी बोलावे, घरच्यांना समजवावे आणि गरज पडल्यास डॉक्टरांकडे न्यावे, एवढेच काम. २०१७ मध्ये लॅन्सेट सायकिअ‍ॅट्री या नियतकालिकात त्याचा अभ्यास प्रसिद्ध झाला. नैराश्य असलेल्या शंभर माणसांपैकी सुरुवातीला जेमतेम चार जण मदतीपर्यंत पोहोचत होते. दीड वर्षानंतर सत्तावीस पोहोचले. जीव नकोसा झाल्याचे सांगणाऱ्यांचे प्रमाण ५.२ टक्क्यांवरून २.५ टक्क्यांवर आले. विचारपूस करायला डॉक्टरच लागतो असे नाही.

मग आपण का विचारत नाही? एक कारण असे, की दुःखाला आपण ईमानाची कमजोरी समजतो. ‘सब्र करा’ हे वाक्य आपण इतक्या घाईने उच्चारतो, की समोरच्याला ते ‘गप्प बसा’ असेच ऐकू येते. हजरत याकूब (अलै.) नबी होते. पुत्राच्या विरहाने त्यांचे डोळे पांढरे झाले, असे सूरह यूसुफ सांगते, आणि त्याच सूरहमध्ये त्यांचा सब्रही सांगितला आहे. दोन्ही एकाच हृदयात होते. शिवाय उपचार घेणे तवक्कुलच्या विरुद्ध नाही, हे हदीसमधून स्पष्ट आहे. इसवी सनाच्या दहाव्या शतकात अबू जैद अल-बल्खी या मुस्लिम विद्वानाने शरीराच्या आणि मनाच्या आरोग्यावर एकच ग्रंथ लिहिला आणि कारण ठाऊक असलेले दुःख व कारण न सापडणारे दुःख यांत भेद केला. आणि आपण आज मनोविकारतज्ज्ञाच्या दारात ओळखीचे कोणी दिसेल म्हणून तोंड लपवितो!

पण केवळ बोलून भागत नाही. दुआच्या दुसऱ्या टोकाला कर्ज आहे. एक जनाजा आणला गेला तेव्हा मयतावर कर्ज आहे का, असे प्रेषितांनी (सल्ल.) विचारले. होकार येताच, तुम्हीच नमाज पढा, असे ते सहाबांना म्हणाले. हजरत अबू कतादा (रजि.) यांनी ते कर्ज स्वतःकडे घेतले आणि मगच प्रेषितांनी (सल्ल.) नमाज पढविली. पुढे संपन्नता आल्यावर, कर्जदार म्हणून मरण पावलेल्यांच्या कर्जाची जबाबदारी त्यांनी स्वतः स्वीकारली. आपण या हदीसमधून कर्जाची भीती तेवढी शिकलो; अबू कतादा होणे शिकलो नाही. सूरह तौबाच्या साठाव्या आयतीत जकातीचे आठ हक्कदार आहेत आणि त्यांत कर्जात बुडालेला माणूस स्वतंत्रपणे मोजला आहे. रमजानमध्ये मदरशाची पावती-पुस्तके घेऊन मीही फिरतो, म्हणून हे लिहिताना मला संकोच वाटतो. तरी विचारतो, आपल्या गावातल्या जकातीतून गेल्या वर्षी कोणाची उधारी फिटली?

सरकारची मदत नाही असे नाही. २००६ मध्ये विदर्भातील सहा जिल्ह्यांसाठी पंतप्रधानांनी ३,७५० कोटी रुपयांचे पॅकेज जाहीर केले, त्यांत आपला वाशीम होता. आत्महत्याग्रस्त शेतकऱ्याच्या कुटुंबाला राज्य शासन एक लाख रुपये देते. पण त्यासाठी जमीन कुटुंबाच्या नावे हवी, कर्ज बँकेचे, सोसायटीचे किंवा परवानाधारक सावकाराचे हवे. ठोक्याने वा बटईने दुसऱ्याचे शेत करणाऱ्याचे नाव सातबाऱ्यावर नसते आणि दुकानदाराची उधारी कोणत्या वहीत मोजायची? असे घर चाळणीतून खाली पडते. तेथे मोहल्ल्याचा हात लागतो.

आणि ज्या घरात मृत्यू झाला, तेथे आपण काय करतो? मुअताच्या लढाईत हजरत जाफर (रजि.) शहीद झाले तेव्हा त्यांच्या घरच्यांसाठी जेवण तयार करण्यास प्रेषितांनी (सल्ल.) सांगितले. आपल्याकडे तेच घर उसनवारी करून तिसऱ्याचे, चाळिसाव्याचे जेवण घालते आणि आपण पंगतीला बसतो. विधवा इद्दतीत आहे म्हणून तहसीलचे कागद अडतात. भगिनींनो, गरजेच्या कामासाठी दिवसा बाहेर पडण्याची मुभा विधवेला इद्दतीतही आहे. रात्र तिने आपल्या घरी काढावी. हा हनफी मसला आहे, माझा नव्हे. निराधार योजनेचा अर्ज लिहून देणारे कोणी तिच्यासोबत गेले, तर तेही पुण्यच आहे.

एक प्रश्न मला दबक्या आवाजात विचारला जातो. ज्याने स्वतःचा जीव दिला, त्याचा जनाजा पढावा का? कृत्य मोठे पाप आहे, यात वाद नाही. प्रेषितांनी (सल्ल.) अशा एका मयताची नमाज स्वतः पढविली नाही, हेही खरे. पण त्याला गुस्ल द्यावे आणि नमाज पढावी, हाच हनफी फतवा आहे. सहीह मुस्लिममध्ये तुफैल बिन अम्र (रजि.) यांच्या सोबत्याचा प्रसंग आहे. मदीनेत आजारी पडल्यावर, वेदना असह्य होऊन, त्याने आपल्या हातांना इजा केली आणि त्यात तो वारला. तुफैलना तो स्वप्नात चांगल्या स्थितीत दिसला, फक्त हात झाकलेले होते. हिजरतीमुळे अल्लाहने क्षमा केली, असे तो म्हणाला. हे ऐकून प्रेषितांनी (सल्ल.) अल्लाहकडे दुआ केली, की त्याच्या हातांनाही क्षमा कर. त्या घरातल्या मुलांना टोमणे मारणाऱ्यांनी ही दुआ ऐकावी. देशाचा कायदासुद्धा, २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याच्या कलम ११५ नुसार, जीव देण्याचा प्रयत्न करणाऱ्याला तीव्र तणावाखाली असलेला मानतो आणि त्याची काळजी घेण्याचे कर्तव्य शासनावर टाकतो.

आपल्या घरात कोणी तसे बोलून गेले, तर त्याला एकटे सोडू नका आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या. टेलिमानसचा १४४१६ हा क्रमांक रात्रंदिवस व मोफत आहे, मराठीतही बोलता येते.

ते गृहस्थ आता बरे आहेत, अल्हमदुलिल्लाह. वाशीमला डॉक्टरांकडे पहिल्या वेळी मी सोबत गेलो, पुढे त्यांचे मेहुणे जाऊ लागले. औषध चालू आहे. उधारीपैकी निम्मी मोहल्ल्यातील सात घरांनी मिळून भागविली. उरलेल्या रकमेसाठी दुकानदाराने, जो आपल्या धर्माचा नाही, तूर घरात येईपर्यंत मुदत दिली. सूरह बकराच्या २८० व्या आयतीत अडचणीतल्या कर्जदाराला सवड देण्यास सांगितले आहे. ती आयत त्याने वाचलेली नाही.

जोहरनंतर मी आता मस्जिदीला लगेच कुलूप लावीत नाही.