मुक्या आश्रिताचे वार्धक्य

घरी पाळलेला प्राणी म्हातारा होऊन असाध्य रोगाने ग्रासला, तर त्याच्याविषयीचे आपले कर्तव्य कोठवर पोचते, हा प्रश्न वरवर लहान दिसतो. गाईबैलांपुरते त्याचे उत्तर आपल्या समाजाने पूर्वीच देऊन ठेवले आहे. भाकड व लंगड्या जनावरांसाठी गुजरातेत पांजरापोळी आहेत आणि तेथे त्यांस मरेपर्यंत चारा मिळतो. परंतु ज्या जिवाने कधी दूध दिले नाही, घर राखले नाही, त्याच्या आजारपणात माणसाने रात्री जागवाव्यात काय? आणि त्याचे हाल पाहवेनासे झाले म्हणजे वैद्याकडून त्याचा अंत करवून घ्यावा काय?

मजपुढे हा प्रश्न आला तो एका फार दूरच्या प्राण्याच्या निमित्ताने. जर्मनीत नोकरीस असलेल्या माझ्या मावसभावाने अ‍ॅक्सोलॉटल नावाचा एक जलचर तेरा वर्षे पाळला आहे. तो आता रोगग्रस्त आहे. पशुवैद्याने ‘पुढचे तुम्हीच ठरवा’ असे सांगितल्यावर भावाने माझ्या वडिलांस पत्राने विचारले, की पाप कशात आहे, मारण्यात की असे जगवण्यात?

वाचकांपैकी वडीलधाऱ्यांनी हे नाव ऐकले नसेल; मुलांनी मात्र संगणकाच्या खेळात त्याचे चित्र पाहिले असेल. हा मेक्सिको शहराजवळील सोचिमिल्को येथील कालव्यांचा रहिवासी. बेडकाप्रमाणे उभयचर, पण शेपटीचा, वीतभर लांबीचा. बेडकाचे पिल्लू मोठे होऊन पाण्याबाहेर येते. हा मात्र जन्मभर बालरूपातच, मानेभोवती पिसांसारखे कल्ले मिरवीत पाण्यात राहतो. पाय तुटला तर नवा उगवतो. हृदयाचा आणि मेंदूचा काही भागही पुन्हा भरून येतो. इ. स. १८६४ मध्ये मेक्सिकोहून चौतीस प्राणी पॅरिसला पोचले. आज जगभर घरांतून व प्रयोगशाळांतून जे आहेत, त्यांतील पुष्कळसे त्यांचेच वंशज. मूळच्या कालव्यांत मात्र १९९८ साली दर चौरस किलोमीटरला सुमारे सहा हजार मोजले गेले होते, ते २०१४ साली अवघे छत्तीसच्या आसपास उरले.

तेथील जुन्या लोकांची एक कथा आहे. सूर्यास गती यावी म्हणून सर्व देवांनी आत्मबलिदान करावयाचे ठरविले, तेव्हा शोलोट्ल नावाचा देव भ्याला आणि पळाला. तो प्रथम मक्याच्या ताटात लपला, मग घायपातीत, आणि शेवटी पाण्यात शिरून अ‍ॅक्सोलॉटल झाला. तेथेही मृत्यूने त्यास गाठलेच. बालरूप आणि नवे अवयव यांमुळे यास म्हातारपण नसेल असे वाटावे. पण दहा ते पंधरा वर्षांत तेही येते.

ते कसे येते हे भावाच्या पत्रांतून कळले. प्रथम अन्न नकोसे होते. कल्ल्यांची पिसे झडतात, कातडीवर कापसासारखी बुरशी धरते, पोटात पाणी साठून अंग फुगते आणि तळाशी राहणारा प्राणी नकळत वर तरंगू लागतो. अशा वेळी त्यास मोठ्या टाकीतून काढून उथळ पात्रात ठेवतात आणि क्लोरीन काढलेले थंड पाणी रोज बदलतात, कारण त्याच्याच मलमूत्राने त्याचे कल्ले भाजतात. पाणी सोळा ते अठरा अंश हवे. आपल्याकडील वैशाखात साध्या टाकीत तो तगणार नाही. डोळ्यांस पापण्या नसतात, म्हणून उजेड मंद ठेवावा लागतो. गांडुळाचे बारीक तुकडे चिमट्याने तोंडापाशी धरून वाट पाहावी लागते. आणि मायेने अंगावरून हात फिरवावा, तर माणसाच्या कोरड्या, उष्ण हाताने त्याच्या नाजूक कातडीस इजा होते! म्हणजे सेवा करावयाची, पण सेवेचे जे सुख, ते नाही.

त्याहून कठीण गोष्ट अशी, की त्याच्या तोंडाची ठेवणच हसरी आहे. कुत्रे कण्हते, गाय हंबरते. हा वेदनेतही हसतच दिसतो. त्याचे दुःख चेहऱ्यावर नव्हे, तर भुकेत, पोहण्यात, कल्ल्यांच्या वळणात वाचावे लागते.

लोक याला भूतदया म्हणतात. मला तो शब्द येथे उणा वाटतो. वाटेवरील तहानलेल्या पाखरास पाणी पाजणे ही दया. ते न पाजले तरी पाखरू दुसरे पाणी शोधील. ज्यास आपण काचेत ठेवले, त्यास दुसरे पाणी शोधण्याची वाटच आपण बंद केली. त्याचे देणे हे ऋण आहे, आणि ऋणको थकला म्हणून ऋण फिटत नाही.

कोणी म्हणेल, एका जिवासाठी शेकडो गांडुळे मारावयाची, हे कसले पुण्य? आक्षेप खरा आहे. शिबिराजाने कपोतासाठी स्वतःचे मांस तोडून दिले. आपण गांडुळाचे देतो. याला माझ्यापाशी समाधानकारक उत्तर नाही. एवढेच, की असा प्राणी घरी आणण्यापूर्वीच हा विचार करावयास हवा होता. दुसरे कोणी म्हणेल, पाण्याचा जीव पाण्यात सोडून मोकळे व्हावे. आपल्याकडे देवळाच्या तळ्यात मासे, कासवे सोडण्याची चाल आहेच. परंतु परक्या पाण्यात आजारी प्राणी सोडणे म्हणजे त्यास एकट्याने मरावयास लावणे, शिवाय त्याचा रोग तेथील बेडकांस देणे होय.

राहिला मारण्याचा प्रश्न. १९२८ साली साबरमतीच्या आश्रमात एक वासरू असाध्य वेदनेत तळमळत होते. वैद्यांनी आशा सोडली होती. गांधीजींनी सहकाऱ्यांशी विचार करून, स्वतः समोर उभे राहून, सुई टोचवून त्याचा अंत करविला, आणि मग ‘नवजीवन’ व ‘यंग इंडिया’ यांतून त्याचे समर्थनही केले. अहिंसेच्या उपासकाने हे करावे म्हणून त्यांच्यावर संतप्त पत्रांचा वर्षाव झाला. त्यांचा निर्णय मला योग्य वाटतो. पण त्याचा दाखला देणारे पुष्कळ जण एक गोष्ट विसरतात. तेथे जे संपवावयाचे होते ते वासराचे दुःख होते, आश्रमाची अडचण नव्हे. रोज पाणी बदलून कंबर मोडली, रजा संपली, घरभाडे आणि वैद्याचे बिल डोईजड झाले, ही दुःखे खरी आहेत. पण ती आपली आहेत, आणि आपल्या दुःखावर दुसऱ्याचा प्राण हे औषध नव्हे.

म्हणून मला क्रम असा दिसतो: प्रथम पाणी, थंडावा, अन्न, औषध यांत काही उणे राहिले नाही ना, हे तपासावे. ते सर्व झाल्यावरही त्यास केवळ यातनाच उरल्या असतील, तर पशुवैद्याकडून गुंगीच्या औषधाची मोठी मात्रा देववून निरोप द्यावा. काही जण घरीच बर्फात गोठवितात. त्यात प्राण्यास क्लेश होतात असे जाणते वैद्य सांगतात, तेव्हा ते कदापि करू नये.

वडिलांनी भावास उत्तर धाडले ते चार ओळींचे. त्यांनी पाप-पुण्याचा निवाडा दिला नाही. ‘एक वही कर,’ एवढेच लिहिले, ‘आणि आठ दिवस तीत दोन रकाने भर. एकात त्याने काय खाल्ले, कसा पोहला, कल्ले कसे होते ते लिही. दुसऱ्यात तू किती झोपलास, किती चिडलास, किती खर्च झाला ते लिही. वैद्याकडे जाताना वही बरोबर ने. मात्र त्यांना पहिलाच रकाना वाचून दाखव.’