वारा गंध नेतो, आशय मागे राहतो



आज गीतेच्या १५व्या अध्यायातला ८वा श्लोक. जेवणाआधी हा अध्याय म्हणायची पद्धत बऱ्याच घरांत आहे, त्यामुळे पाठ असतो. आणि पाठ असतो म्हणूनच हा श्लोक तोंडातून सरळ निघून जातो, डोक्यात शिरत नाही. भगवंत सांगतात, जीव एक देह सोडून दुसऱ्यात जातो तेव्हा मन आणि इंद्रियं बरोबर घेऊन जातो. कसा? तर वारा जसा गंध उचलून नेतो, तसा.

गंध कुठून उचलतो, यासाठी श्लोकात शब्द आलाय 'आशय'. म्हणजे राहण्याची जागा. शंकराचार्यांनी भाष्यात त्याचा अर्थ फूल वगैरे असा दिला. आपल्या मराठीत मात्र आशय म्हणजे म्हणण्यातलं सार. श्लोकात तो अर्थ नाही, हे आधीच सांगून टाकते. पण गेल्या आठवड्यात एका मैत्रिणीने एक प्रश्न विचारला, तेव्हापासून हे दोन्ही अर्थ माझ्या मनात एकमेकांना चिकटून बसलेत.

ती म्हणाली, "अगं, ऑफिसातून येताना स्टेशनबाहेरच्या फुलवालीकडे तुळस आणि मोगऱ्याचा वास आला आणि आजीचं देवघर डोळ्यांपुढे उभं राहिलं. रडायलाच आलं. हे रडणं देवासाठी होतं की आजीसाठी? याला भक्ती म्हणायचं की नुसतं नॉस्टॅल्जिया?"

आधी शरीराचं बघू. डोळ्यांचा, कानांचा निरोप मेंदूत थॅलॅमस नावाच्या नाक्यावरून पुढे जातो. वासाला त्या नाक्यावर थांबावं लागत नाही. तो नाकामागच्या गंधकेंद्रातून थेट अमिग्डालापर्यंत पोचतो, जिथे भीती, माया, ओढ यांची उलाढाल चालते, आणि आठवणी सांभाळणारा हिपोकॅम्पस तिथून अगदी जवळ. म्हणून वासाने आधी गलबलून येतं, आणि कशाने गलबललं हे मागाहून कळतं. फोटो बघताना आपण आठवतो. वास आला की आठवणच आपल्याला धरते.

आपल्याकडे हे वेगळ्या भाषेत माहीत होतंच. संस्कृतात 'वासन' म्हणजे सुगंधित करणं असाही अर्थ आहे. फुलेल तेल कसं करतात माहितेय? तीळ आणि चमेलीची फुलं थरावर थर देऊन ठेवायची, फुलं सुकली की ती काढून ताजी घालायची, असं पुन्हा पुन्हा करायचं आणि मग ते तीळ घाण्याला लावायचे. तेलात एकही फूल नसतं, पण चमेली असते. मनावर उरलेल्या संस्काराला 'वासना' म्हणतात. तो समजावताना बौद्ध आचार्यांनीही फुलांनी वासलेल्या तिळाचाच दाखला दिला. मैत्रिणीची आजी गेली, देवघर मोडलं, घर विकलं. तीळ मात्र वासलेले राहिले.

मग ते रडणं कोणासाठी? मला वाटतं, आजीसाठी. आणि त्यात कमीपणा काय आहे? तिला देव भेटला तोच आजीच्या हाताच्या वासातून. ही दोन नाती तिच्यात वेगळी झालेलीच नाहीत, तर आपण कशाला सोलून काढायची? पण त्या रडण्याला साधना म्हणायची मात्र माझी तयारी नाही. ते तिने केलं नाही, ते तिला झालं. शिवाय नाक काही मिनिटांत सरावतं. देवळात शिरताना धूप जाणवतो, आरती संपेपर्यंत जाणवेनासा होतो. स्मरण करायचं असेल तर ते त्यानंतर. (हल्ली 'मंदिराचा सुगंध' असं लिहिलेल्या मेणबत्त्या मिळतात. आवडत असतील तर जरूर लावा, पण त्यांच्या भरवशावर राहू नका.)

आता ज्यासाठी हे सगळं लिहायला घेतलं ते. माझ्या ओळखीचा एक मुलगा आहे. वडील गेले तेव्हा रात्रभर त्यांच्या उशाशी उदबत्त्या जळत होत्या. अजूनही उदबत्ती लागली की तो उठून बाहेर जातो. एका घरगुती सत्संगात कोणीतरी म्हणालं, "याचं मनच लागत नाही देवात." त्याने ऐकलं. पुन्हा आला नाही.

उदबत्ती तीच. एकीला त्यात आजी मिळते, एकाला ती रात्र. वाऱ्याने गंध आणून दिला, आशय ज्याच्या त्याच्या घरी राहिला. आपल्याला जे पवित्र वाटतं ते समोरच्यालाही तसंच वाटायला हवं, हा हट्ट भक्तीतला नव्हे, सवयीतला. आणि सवयीवरून कुणाची श्रद्धा मोजणं मला तरी अन्यायच वाटतो.

याच अध्यायात पुढे १५व्या श्लोकात भगवंत म्हणतात की स्मृती माझ्यापासून येते, ज्ञानही, आणि त्यांचं जाणंही. आपण आठवण देणारा देव मागतो. विसर पाडणाराही तोच आहे, हे त्या मुलाला कोणीतरी सांगायला हवं होतं.

गेल्या गुरुवारी तो आमच्याकडे आला. आईने काही न बोलता उदबत्तीचं घर आत नेऊन ठेवलं आणि नुसती समई लावली. सहाणेवर चंदन उगाळलेलं होतं. त्याने ते स्वतःहून बोटावर घेतलं, क्षणभर नाकाशी धरलं आणि कपाळाला लावलं. मग आम्ही पंधरावा अध्याय म्हटला आणि जेवायला बसलो.

उद्या ९वा श्लोक. त्यात कान, डोळे, त्वचा, जीभ यांच्यासोबत नाकाचं नाव पुन्हा येतं. एकदा वाचून ठेवा.