एक वेळ, दोन वचने



महाविद्यालयात शिकणारी मुले-मुली आणि त्यांचे पालक अलीकडे एक प्रश्न वारंवार विचारतात : पूर्णवेळ शिक्षण चालू असताना एखाद्या कंपनीने इंटर्नशिप देऊ केली, तर ती स्वीकारावी की नाकारावी? बहुतेकांच्या मनात हा नफ्यातोट्याचा हिशेब असतो. अनुभव मिळेल, चार पैसे येतील, पुढे नोकरी सोपी होईल; उलट गुण घसरतील, प्रकृतीवर ताण येईल. हा हिशेब गैर नाही, पण अपुरा आहे. आपला वेळ सर्वस्वी आपल्या मालकीचा आहे, असे त्यात गृहीत धरलेले असते.

इस्लामची शिकवण नेमके हे गृहीतच तपासायला लावते. वेळ ही अल्लाहने सोपवलेली अमानत आहे. शिवाय ज्याने पूर्णवेळ प्रवेश घेतला, त्याने आपल्या वेळेचा मोठा भाग अगोदरच देऊ केला आहे. प्रवेश-अर्जावरील सही हे एक वचन आहे आणि आईने दागिना मोडून किंवा वडिलांनी जादा पाळी करून भरलेली फी हे त्या वचनाचे मोल आहे. दिव्य कुरआनात सूरह अल्-माइदाच्या आरंभीच ईमानधारकांना करार पाळण्याची आज्ञा आहे. सूरह बनी इस्राईलमध्ये वचनाबद्दल जाब विचारला जाईल, असे बजावले आहे. म्हणून ‘मला जमेल का?’ या प्रश्नाआधी ‘जो वेळ मी देऊ पाहतो, तो माझ्यापाशी शिल्लक आहे का?’ हा प्रश्न विचारला पाहिजे.

विद्यार्थ्याने कमावूच नये, असा याचा अर्थ नव्हे. हजरत उमर (रजि.) मदीनेच्या एका टोकाच्या वस्तीत राहत. त्यांनी आणि त्यांच्या अन्सारी शेजाऱ्याने पाळी ठरवली होती. एके दिवशी एकाने प्रेषितांच्या (स.) सेवेत हजर राहावे, दुसऱ्या दिवशी दुसऱ्याने, आणि जो जाईल त्याने त्या दिवशीचे ज्ञान परतल्यावर दुसऱ्याला सांगावे. सहीह बुखारीच्या ज्ञानविषयक प्रकरणात ही हकीकत आली आहे. हजरत अबू हुरैरा (रजि.) यांनी मात्र बाजार आणि शेती दोन्हींपासून दूर राहून, पोटापुरत्या अन्नावर समाधान मानून प्रेषितांचा (स.) सहवास धरला. दोन्ही मार्ग आदरणीय आहेत. पण पहिल्या मार्गाचे मर्म ध्यानात घ्या. तेथे गैरहजेरी उघड होती आणि त्या दिवसाचे ज्ञान बुडू नये याची व्यवस्था होती. आज आपल्याकडे मित्र ‘प्रॉक्सी’ लावतो. पाळी येथेही दोघांचीच, पण त्या पाळीतून ज्ञान घरी येत असे. या पाळीतून केवळ खोटी हजेरी वहीत जाते.

समजा, मुंब्र्याच्या एका विद्यार्थिनीला दक्षिण मुंबईतील लेखापालाच्या कार्यालयात रोज चार तासांची इंटर्नशिप मिळते आहे. लोकलच्या येण्याजाण्यात अडीच-तीन तास जातील. सकाळचे वर्ग साडेअकराला सुटत असतील, तर तिला हे काम कष्टाने का होईना, पण प्रामाणिकपणे करता येईल. आठवड्यातले तीन दिवस वर्ग आणि काम एकाच वेळी येत असतील, तर ७५ टक्के उपस्थितीची अट खोटेपणावाचून पुरी होणार नाही. अशा वेळी तिने कार्यालयाला स्पष्ट विचारावे : शनिवारी येऊ का? मे महिन्याच्या सुट्टीत येऊ का? सूरह अल्-कससमध्ये प्रेषित मूसा (अ.) यांनी मदयनमध्ये चाकरी पत्करली, तो प्रसंग पाहा. मुदत आठ वर्षांची. दहा पूर्ण करणे त्यांच्या खुशीवर. ठेवणाऱ्याने आपण जाच करणार नाही असे सांगितले आणि मूसा (अ.) यांनी बोलणे पक्के करून अल्लाहला साक्षी ठेवले. काम किती, मुदत किती, मोबदला काय, नमाजची आणि परीक्षेच्या दिवसांची सवलत कोणती, हे आधीच ठरवून घेण्यात संकोच कसला?

निर्णयासाठी एक कसोटी सुचवितो. महाविद्यालय, घर आणि कंपनी या तिघांना आपण एकच सत्य सांगू शकतो का? एकापासून दुसरे लपवावे लागत असेल, तर ती संधी कितीही मोठी असली तरी आपली नव्हे. २०२४ मध्ये सुरू झालेल्या पंतप्रधान इंटर्नशिप योजनेच्या मूळ नियमांत पूर्णवेळ शिक्षण घेणाऱ्यांना जागा नव्हती. अशा ठिकाणी आपला प्रवेश लपवून अर्ज करणे म्हणजे एका पात्र तरुणाचा हक्क घेणे होय. कंपनीत बसून चोरून परीक्षेचा अभ्यास करणे हीदेखील मापात केलेली लबाडी आहे; सूरह अल्-मुतफ्फिफीनचा इशारा केवळ तराजूवाल्यांसाठी नाही.

पण ज्याच्या घरी चूल पेटण्याचाच प्रश्न आहे, त्याला काय सांगावे? त्याला केवळ उपदेश करणे अन्याय ठरेल. इमाम अबू यूसुफ (रह.) गरीब घरचे होते. चरित्रकार सांगतात की घरच्या ओढाताणीत त्यांचे शिक्षण तुटू लागले, तेव्हा कूफ्यात कापडाचा व्यापार करणाऱ्या इमाम अबू हनीफा (रह.) यांनी त्यांचा खर्च उचलला. हाच शिष्य पुढे हारून रशीदच्या राज्यात मुख्य काझी झाला. म्हणजे हा प्रश्न एकट्या विद्यार्थ्याचा नाही. जकात देणाऱ्या प्रत्येक घराचा आहे. आपल्या मोहल्ल्यातील कोणता मुलगा शिक्षण आणि भाकर यांच्यामध्ये ओढला जात आहे, हे आपल्याला ठाऊक आहे का?

वेळापत्रक समोर मांडा, आईवडिलांशी आणि जाणत्या शिक्षकाशी मसलत करा, मग दोन रकअत नमाज पढून इस्तिखारा करा. इस्तिखाऱ्यानंतर स्वप्नाची वाट पाहण्याची गरज नाही आणि विचार टाळण्यासाठीही तो नाही. विचार करून झाल्यावर आपले हित अल्लाहच्या स्वाधीन करण्याची ती प्रार्थना आहे. त्यानंतर ‘हो’ म्हणालात तर पूर्ण निष्ठेने काम करा. ‘नाही’ म्हणालात तर मनात खंत धरू नका. दिलेले वचन पाळण्यासाठी सोडलेली संधी अल्लाहपाशी वाया जात नाही.

अल्लाह आपल्या मुलांच्या ज्ञानात आणि कमाईत बरकत देवो. आमीन.